जिवाणूचं पाकीट: बर्नबुर्ग ते कमलनगर

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यं झाली आणि पूर्वीच्या निजामाच्या राज्यातला बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात. कमलनगर म्हैसुराकडे राहिलं. विकाराबादहून परळीकडे जाणारी रेल्वे भालकीनंतर कमलनगर आणि मग उदगीर अशीच धावत राहिली. सोयरिकी, अडत, बाजार यांचा ओढाही उदगीरकडेच राहिला. कारभार मात्र दोन झाले. पुढे उदगीरच्या शेतकऱ्याला परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मराठीत मिळू लागला, तर कमलनगरच्या शेतकऱ्याला धारवाडचा आणि 2009 नंतर रायचूरचा सल्ला कानडीत.

रानं मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच. मांजरा खोऱ्यातली काळी भारी जमीन, मधूनमधून माळाची मुरमाड, आणि बीदरच्या दिशेने जावं तशी जांभ्याची तांबडी. या सगळ्या रानांत पिढ्यानपिढ्या तूर आहे, मूग-उडीद आहे, रब्बीत हरभरा आहे. दक्षिणेला कलबुर्गी जिल्ह्यात शिरलं की तुरीचं कोठारच सुरू होतं. तिथल्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या पिकांना लागणारा नत्र त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा एक जिवाणू हवेतून मिळवून देतो, हे आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. तरीही त्याच तुरीला दरवर्षी गोण्यांनी नत्र विकत घेऊन घातला जातो. हे असं कसं झालं, याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात जर्मनीतली एक प्रयोगशाळा आहे, बिहारमधलं पुसा आहे, पटणचेरूचं शिवार आहे, आणि शेवटी कमलनगरच्या दुकानातलं काळ्या भुकटीचं एक पाकीट आहे.

जुन्या शेतकऱ्याला जिवाणू माहीत नव्हता, त्याचं काम माहीत होतं. खरिपात ज्वारीचे चार-सहा तास पेरले की तुरीचा एक तास टाकायचा, ही पेरणीची रीत दख्खनभर होती. ज्वारी दिवाळीच्या आसपास निघायची, तूर मागे उभी राहून पौष-माघात यायची. तोवर तिचा पाला रानातच गळून जायचा. हरभऱ्याचा बेवड चांगला, त्यावर ज्वारी साधते, हेही घरोघरी ठाऊक होतं. इंग्रज सरकारने भारतीय शेतीची पाहणी करायला रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना पाठवलं. 1889 च्या डिसेंबरात ते आले, वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडले आणि 1893 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मिश्रपीक आणि फेरपालट यांत इथला शेतकरी मागासलेला नाही, असं त्यांनी स्वच्छ नोंदवलं. अडचण खताची आहे, कारण शेण जळणात जातं, हे त्यांचं निदान होतं. ते आजही खोटं ठरलेलं नाही.

व्होल्कर भारतात हिंडत होते त्याच्या थोडंच आधी युरोपात या कोड्याचा उलगडा झाला होता. कडधान्यं जमिनीतला नत्र कमी करत नाहीत, उलट वाढवतात, हे फ्रान्सच्या बूसँगो यांनी 1838 मध्येच वजनकाट्यावर दाखवलं होतं. पण तो येतो कुठून? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी अतिशय काटेकोर प्रयोग केले. कुठूनही नत्र आत शिरू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली आणि रोपं बंद काचेत वाढवली. नत्र वाढला नाही. वनस्पती हवेतला नत्र घेत नाही, असा निष्कर्ष त्यांनी 1861 मध्ये मांडला आणि पुढची पंचवीस वर्षं तोच मानला गेला. प्रयोग चोख होता. पण माती भाजताना ज्याचा शोध घ्यायचा तोच त्यात मरून गेला होता.

कोडं सोडवलं ते जर्मनीतल्या बर्नबुर्ग गावच्या हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विल्फार्थ यांनी. कुंड्यांत निव्वळ वाळू घेऊन त्यांनी ओट आणि वाटाणा लावला. ओट जेवढा नत्र द्यावा तेवढाच वाढे. वाटाण्याचा मात्र हिशेब लागेना: एका कुंडीतला उपाशी मरे, शेजारच्या कुंडीतला काही न देता जोमाने वाढे. मग त्यांनी शेतातली माती पाण्यात कालवून ते पाणी थोडं थोडं कुंड्यांत घातलं. सगळे वाटाणे वाढले, मुळांवर गाठी आल्या. तेच पाणी उकळून घातलं तर काहीच झालं नाही. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होतं. 1886 च्या सप्टेंबरात बर्लिनच्या शास्त्रज्ञ-संमेलनात हेलरीगेल यांनी हे जाहीर केलं. दोन वर्षांनी हॉलंडच्या मार्टिनस बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला, आणि 1889 मध्ये त्याला रायझोबियम हे नाव मिळालं.

पुढचं पाऊल व्यापाराचं होतं. थारांटच्या नोबे आणि हिल्टनर यांनी 1896 मध्ये या जिवाणूच्या संवर्धनाचं पेटंट घेतलं. ‘नायट्राजिन’ नावाने ते बाटल्यांतून विकलं जाऊ लागलं, निरनिराळ्या कडधान्यांसाठी निरनिराळी बाटली. त्यानंतर अमेरिकेत जे घडलं ते आपल्याकडच्या पुढच्या इतिहासाची आगाऊ नोंदच म्हणावी असं आहे. तिथल्या कृषी खात्याच्या जॉर्ज मूर यांनी जिवाणू कापसावर सुकवून टपालाने पाठवण्याची युक्ती काढली. वर्तमानपत्रांनी ती डोक्यावर घेतली, कंपन्या निघाल्या, पाकिटं खपली. 1905 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा संशोधन केंद्राने बाजारातली पाकिटं तपासली, तेव्हा त्यांत जिवंत जिवाणू जवळजवळ नव्हतेच. शेतकऱ्याने पैसे मोजून मेलेला कापूस नेला होता. शास्त्र खरं होतं, पाकीट खोटं होतं. हा फरक ज्याला कळला नाही त्याने पुढे शास्त्रालाच खोटं ठरवलं.

भारतात या जिवाणूचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो बिहारमधल्या पुसा इथल्या इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत. तिथले एन. व्ही. जोशी यांनी 1920 मध्ये कडधान्यांच्या गाठींतल्या जिवाणूंवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. आपल्या देशातलं हे या विषयाचं पहिलं पान. कोणता जिवाणू कोणत्या पिकावर गाठी धरतो, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. हरभऱ्याचा जिवाणू तुरीला चालत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा मात्र एकच मोठा गट आहे आणि त्यांचे जिवाणू आपल्या मातीत बहुतेक ठिकाणी आधीपासून नांदतात. त्याच दशकात पुण्यात मुंबई सरकारचे कृषी रसायनतज्ज्ञ डी. एल. सहस्रबुद्धे आणि त्यांचे सहकारी जे. ए. दाजी दख्खनच्या जमिनीत नत्र आपोआप कसा भरून येतो, याचा माग काढत होते. 1934 च्या भूकंपात पुसाची इमारत ढासळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला हलली. यातलं काहीही निजामाच्या राज्यातल्या या भागातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचायचा संबंध नव्हता. त्याची गरजही तेव्हा भासली नव्हती. रानात शेणखत पडत होतं, ज्वारीत तूर होती, उत्पन्न बेताचं होतं आणि मातीचा ताळेबंद कसाबसा जुळत होता.

तो ताळेबंद मोडला साठच्या दशकात. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. ठेंगणा, लवकर येणारा, खताला उत्तर देणारा. त्याच्या मागोमाग युरिया आला. जर्मनीतच हाबर आणि बॉश यांनी 1913 मध्ये हवेतला नत्र कारखान्यात बांधून दाखवला होता. त्याला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि वातावरणाच्या दीडदोनशे पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम ओल्या मातीत, पावसाळ्याच्या साध्या उबेत करतो. पण कारखान्याचा नत्र पांढऱ्या दाण्यात दिसतो, हातात घेता येतो, आणि टाकल्यावर आठ दिवसांत पान हिरवं होतं. ज्वारी-गव्हाला त्याचा गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या दाण्याने देशाची भूक भागवली. घोटाळा झाला तो तीच सवय कडधान्याला लावण्यात. ज्वारीचं रान आणि तुरीचं रान वेगळं झालं, पण गोणी एकच राहिली.

तुरीला युरिया दिला की नुकसान काय, असं कोणी विचारील. मातीत नत्र आयता मिळू लागला की झाड गाठींना पोसत नाही. गाठी धरणं हे झाडाला फुकट नसतं. आपल्या पानात तयार केलेली साखर त्याला जिवाणूला द्यावी लागते. आयतं मिळतंय म्हटल्यावर झाड तो खर्च थांबवतं. म्हणजे पैसे देऊन आणलेला युरिया फुकटच्या नत्राचा कारखाना बंद पाडतो, आणि झाड पाल्यात माजून शेंगेला मागे पडतं.

1972 हे वर्ष मराठवाड्याच्या आठवणीत दुष्काळाचं आहे. त्याच वर्षी दोन संस्था उभ्या राहिल्या आणि कमलनगरचा हा सीमाभाग नकाशावर त्या दोघींच्या मध्ये आला. मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आणि हैदराबादजवळ पटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. बीदरहून पटणचेरू शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथली जागा मुद्दाम अशी निवडली होती की एकाच शिवारात काळी जमीनही आहे आणि तांबडीही. ज्वारी, बाजरी, हरभरा आणि तूर ही तिची पिकं. म्हणजे बीदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्याचंच ताट जगाच्या शास्त्रज्ञांपुढे मांडलं गेलं होतं.

पटणचेरूच्या पुढच्या वीस वर्षांतल्या कामाला मी फार मोठं मानतो. रॉथमस्टेडमध्ये काम केलेले पीटर डार्ट, त्यांच्याबरोबर कुमार राव, पुढे रुपेला अशा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तुरीची आणि हरभऱ्याची मुळं हंगामभर खणून पाहिली. तुरीचं मूळ खोल जातं, गाठी हाताने खुडल्यासारख्या तुटतात; काळ्या चिकट रानात ते सलग काढणं हे मोठं जिकिरीचं काम. त्यांना आढळलं की तुरीच्या गाठी पंधरा दिवसांत दिसू लागतात, दोन महिन्यांपर्यंत जोरात असतात आणि फुलोऱ्यानंतर ओसरतात. त्यांना हेही आढळलं की काळ्या रानात पुष्कळशा गाठी आतून पोकळ असतात, कारण रिव्हेलिया अँग्युलाटा नावाच्या एका माशीची अळी त्या खाऊन टाकते. तांबड्या रानात हा उपद्रव कमी. दख्खनचा शेतकरी शेंग पोखरणारी अळी ओळखतो; मातीखाली गाठ पोखरणारी अळीही आहे, हे आजही गावात फार थोड्यांना माहीत असेल.

तुरीमागून घेतलेल्या मक्यावर त्यांनी केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की तुरीचा बेवड हेक्टरी 38 ते 49 किलो नत्र घातल्याइतका फायदा देतो. म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या. रे विली यांच्या गटाने ज्वारी-तुरीचं आंतरपीक मोजलं, तेव्हा निव्वळ ज्वारीच्या तुलनेत ज्वारीचं पीक जवळपास पूर्ण आलं, आणि वर निव्वळ तुरीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास तूर मिळाली. आजोबांच्या तासांचा हिशेब शास्त्राने असा मांडून दाखवला. 1990 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली: तुरीचं मूळ पिसिडिक नावाचं आम्ल सोडतं आणि लोखंडाला घट्ट बांधलेला स्फुरद त्यातून सुटा होतो. बीदरच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीत स्फुरद नेमका लोखंडालाच बांधलेला असतो. जिथे दुसरं पीक स्फुरदाविना रडतं तिथे तूर तग धरते, त्यामागे हे कारण आहे.

आता पाकिटाकडे येऊ. भारतात रायझोबियमचं व्यापारी उत्पादन 1956 मध्येच सुरू झालं होतं. कोळशाची किंवा नेयवेलीच्या लिग्नाइटची बारीक भुकटी करायची, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू मिसळायचा आणि पिशवीत भरायचा, ही पद्धत रूढ झाली. 1983 मध्ये केंद्र सरकारने जिवाणू खतांचा राष्ट्रीय प्रकल्प काढला आणि गाझियाबादला त्याचं केंद्र झालं. विभागीय केंद्रं बंगळुरूला आणि नागपूरलाही होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, परभणीला, धारवाडला संवर्धनं तयार होऊ लागली. परभणीची कृषी दैनंदिनी, राहुरीची कृषिदर्शनी, प्रत्येकीत दरवर्षी तीच शिफारस छापली जाऊ लागली: दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याला ‘कल्चर’ हेच नाव बसलं.

शिफारस होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पाकिटाने सीमाभागातल्या शेतकऱ्याच्या घरात जागा मिळवली नाही. याची तुलना मला मारुती वाणाशी करावीशी वाटते. ऐंशीच्या दशकात मर रोगाने उत्तर कर्नाटकातली तूर उभी वाळत होती. इक्रिसॅटच्या आयसीपी 8863 या मर प्रतिकारक वाणाला कर्नाटकात ‘मारुती’ नावाने मान्यता मिळाली आणि 1992-93 पर्यंत या पट्ट्यातल्या तुरीच्या साठेक टक्के क्षेत्रावर तो पसरला. त्याच संस्थेच्या त्याच शिवारातून, त्याच वर्षांत, त्याच पिकासाठी निघालेलं जिवाणूचं ज्ञान मात्र बांधाच्या पलीकडे गेलं नाही. का?

मारुतीचं बी एकदा घरात आलं की मडक्यात राहिलं, पाहुण्याला दिलं, शेजाऱ्याला उसनं दिलं. मर लागलेल्या रानाशेजारी हिरवं उभं राहिलेलं पीक लांबूनही दिसत होतं. जिवाणू घरात राखता येत नाही, त्याचं काम मातीखाली चालतं, आणि पीक वाढलं तर ते पावसाने वाढलं की पाकिटाने, हे शेजारी एक पट्टा बिनपाकिटाचा ठेवल्याशिवाय कळत नाही. तो पट्टा ठेवायला कोणी सांगितलंच नाही.

दुसरं कारण उन्हाचं. रायझोबियमला तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. चाळीसच्या पुढे तो भराभर मरतो. पाकिटं तयार होतात मार्च-एप्रिलमध्ये, मृगाच्या पेरणीसाठी. मधला मे महिना ती ट्रकमध्ये, पत्र्याच्या गोदामात, दुकानाच्या माळ्यावर काढतात. बीदर-कलबुर्गीचा मे काय असतो, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. शासनाने 2006 मध्ये जिवाणू खतांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं: भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. नियम चांगला आहे, उशिरा आला तरी चांगला आहे. पण जिवंत आणि मेलेलं पाकीट हातात घेतल्यावर सारखंच काळं दिसतं. तपासणी कारखान्याच्या दारात झाली आणि मरण दुकानाच्या माळ्यावर आलं, तर नियम शेतकऱ्याच्या कामाचा राहत नाही. जिनीव्हा केंद्राने 1905 मध्ये जे पाहिलं, ते आपल्याकडे असं पुन्हा घडत राहिलं. ज्यांनी दोनदा मेलेलं पाकीट वापरलं त्यांनी तिसऱ्यांदा वापरलं नाही. मी त्यांना दोष देणार नाही.

तिसरं कारण पैशाचं, आणि ते मला सगळ्यात वजनदार वाटतं. 1977 पासून खतांच्या किमती सरकारने धरून ठेवल्या. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाश मोकळे केले, त्यांचे भाव भडकले. आणि त्याच वेळी युरिया मात्र दहा टक्के स्वस्त केला. 2010 च्या नव्या अनुदान पद्धतीतही युरिया बाहेरच राहिला. आज 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. इतक्या स्वस्त नत्रासमोर जिवाणूची बाजू मांडायची कशी? कडधान्याला ज्याची गरज सगळ्यात कमी, तेच खत आपण सगळ्यात स्वस्त करून ठेवलं. या धोरणाने जिवाणूला जेवढं मागे ढकललं तेवढं कोणत्याही उन्हाळ्याने ढकललं नाही.

शास्त्रानेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी होती, ती पुस्तिकांत क्वचितच येते. तुरीच्या गटाचे जिवाणू आपल्या बहुतेक रानांत मुळातच आहेत, म्हणून पाकिटाचा परिणाम दर वेळी दिसतोच असं नाही. जिथे बरीच वर्षं कडधान्य नव्हतं, जिथे भात झाला, जिथे रान पाण्याखाली राहिलं, तिथे तो ठळक दिसतो. बाकी ठिकाणी असलेल्यांत चांगला जिवाणू मिसळावा एवढाच त्याचा उपयोग. हे स्पष्ट सांगितलं असतं तर शेतकऱ्याने रान पाहून निर्णय घेतला असता. सरसकट दुप्पट-दीडपटीच्या गप्पांनी विश्वास गेला.

सोयाबीनची गोष्ट मात्र वेगळी. ते पाहुणं पीक. साठच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने जबलपूर आणि पंतनगर इथे ते रुजवलं गेलं, तेव्हा त्याचा जिवाणू आपल्या मातीत नव्हता आणि बियाण्याबरोबर तो द्यावाच लागला. नव्वदच्या दशकापासून लातूर-उदगीरकडून ते कमलनगर, औराद, भालकीत शिरलं आणि आज बीदर हा कर्नाटकातला सोयाबीनचा आघाडीचा जिल्हा आहे. सोयाबीनने पैसा दिला. पण ज्वारीतला तुरीचा तास, मूग-उडदाचं रान यांतलं बरंच त्याने गिळलं, आणि त्याच्याबरोबर डीएपीची गोणी पेरणीचा अविभाज्य भाग होऊन बसली. ती सवय तुरीलाही लागली.

याच सुमारास मातीकडे पाहण्याचा आणखी एक मोठा प्रयत्न झाला. 2009 मध्ये कर्नाटक सरकारने इक्रिसॅटच्या साहाय्याने ‘भूचेतना’ ही योजना काढली. हजारो शेतांतल्या मातीचे नमुने तपासले गेले. नत्र-स्फुरदाच्या पलीकडे गंधक, जस्त आणि बोरॉन यांची तूट ठिकठिकाणी निघाली. वर्षानुवर्षं गोण्या घालून ज्याची उणीव नव्हती ते आपण घालत होतो आणि ज्याची होती ते घालत नव्हतो. गंधकाशिवाय कडधान्याचं प्रथिन नीट बनत नाही, गाठीही नीट काम करत नाहीत. त्यातच 2022 च्या हंगामात कलबुर्गीकडे मर रोगाने पुन्हा मोठा तडाखा दिला. बियाण्याला मर रोखणारी ट्रायकोडर्मा बुरशी आणि रायझोबियम लावायची आठवण खात्याला आणि शेतकऱ्याला अशा वर्षीच तेवढी होते.

आजचा हिशेब साधा आहे. तुरीची शिफारस एकरी साधारण 10 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद. 20 किलो स्फुरद डीएपीतून द्यायचं तर 44 किलो, म्हणजे गोणीभराहून थोडं कमी, आणि त्याबरोबर आठ किलो नत्र आपोआप पडतो. तेच सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर 125 किलो, अडीच गोण्या. त्यात नत्र नाही, पण 14 किलोच्या आसपास गंधक आहे. भूचेतनाने जी उणीव दाखवली ती इथे भरून निघते. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत, गाठी काम सुरू करेपर्यंत, रोपाला थोडा नत्र लागतो; शेणखत पडलेलं रान तो देऊ शकतं. म्हणून माझं मत असं की सुपर फॉस्फेट, शेणखत आणि जिवंत रायझोबियम एवढ्यावर या भागातली तूर घ्यावी आणि उभ्या तुरीला युरिया अजिबात देऊ नये. पीक पिवळं पडलं तर आधी रानात पाणी साचलंय का ते बघावं. काळ्या रानात गाठी गुदमरतात त्या पाण्याने. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, म्हणजे बीबीएफ, ही पटणचेरूचीच देणगी त्यावरचा उपाय आहे.

येत्या मृगाआधी कमलनगरच्या रयत संपर्क केंद्रात किंवा उदगीरच्या दुकानात पाकीट घ्यायला जाल तेव्हा त्यावर तीन गोष्टी वाचा: पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख, मुदत. भुकटीची मुदत सहा महिन्यांची असते, पातळ संवर्धन वर्षभर टिकतं. नुसतं ‘रायझोबियम’ लिहिलेलं घेऊ नका. तुरीला तुरीचं, हरभऱ्याला हरभऱ्याचं. माळ्यावर उन्हात पडलेलं घेऊ नका. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. गुळाचं पाणी करून गार होऊ द्या, त्यात कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळा, सावलीत गोणपाटावर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रासायनिक खतात ते बी मिसळू नका. चार तास बिनपाकिटाचे ठेवा. मग महिना-सव्वा महिन्याने वाफशावर दोन्हीकडची पाच-पाच झाडं फावड्याने मातीसकट काढा, मुळं पाण्यात भिजवून धुवा आणि गाठी नखाने फोडा. आतून लालसर-गुलाबी निघाल्या तर जिवाणू काम करतोय, आणि त्या रानाला युरियाची गोणी न्यायची गरज नाही.